सतरा नंबरचं पांढरं कार्ड

सोमवार, २

चौदा मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो.

सकाळी नऊला वरून हुकूम आला. एकच ओळ: 'शहराचा पाणीपुरवठा लवकरात लवकर पूर्ववत करावा.' नऊ वाजून चौदा मिनिटांनी बैठकीत त्या ओळीचं 'नदी ओलांडून पंपघर ताब्यात घ्या' असं झालेलं होतं. कधी झालं, कुणी केलं, एकालाही सांगता आलं नसतं. थोरले साहेब नकाशावर वाकले, ऑपरेशन्सच्या कर्नलने खिशातून लाल पेन्सिल काढली आणि लागला बाण काढायला. आधी कळस, मग पाया.

पंपघर नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या फौजेने ते घेतलं, तेव्हापासून इथल्या साठ हजार माणसांना चार दिवसांतून एकदा पाणी येतं, हे सगळं मान्य. पण माणसांना पाणी हवंय, पंपघर नकोय. मी उठून एवढंच विचारलं, "साहेब, पंपघर घेतलं आणि त्या मारामारीत पंपच फुटले, तर हुकूम पाळला असं म्हणायचं का?"

थोरले साहेब म्हणाले, "बसा."

कर्नल म्हणाला, "आला आमचा शंकासुर. याचं नमनालाच घडाभर तेल." सगळे हसले.

या कर्नलला सगळे बुलडोझर म्हणतात आणि त्याला ते आवडतं, यातच काय ते आलं. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आहे. यंदाच्या बढतीच्या यादीतही माझं नाव नाही. मला त्याचं काही नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

मंगळवार, ३

बरीच आदळआपट केल्यावर एक दिवस मिळाला. माझा कक्ष 'विचार कक्ष' म्हणून ओळखला जातो. जिन्याखालची एक खोली, एक फळा, मी, आणि सहा महिन्यांत निवृत्त होणारे कारकूनकाका. योजना करण्याआधी मुळात प्रश्न काय आहे ते शोधायचं, आणि योजना झाली की तिच्यात खोट काढायची, हे आमचं काम. लग्नात येऊन पत्रिका पुन्हा जुळवून बघणाऱ्या मामासारखे आम्ही सगळ्यांना नकोसे.

सकाळी पाणीखात्यात गेलो. इंजिनिअरबाई गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या, हातात पान्हा. मी विचारलं, "वरच्या धरणापासून आपल्याच काठाने नवा नळ टाकता येईल का?"

"येईल की," त्या म्हणाल्या. "माणसं दिलीत तर चोवीस दिवस."

"हे दोन महिन्यांत सांगितलं का नाही कुणाला?"

"विचारलं कुणी?"

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने! नकाशांवर बाण काढून लाल पेन्सिली संपल्या, आणि पाण्याविषयी पाणीखात्याला विचारायचं एकालाही सुचलं नाही. दुपारी थोरल्या साहेबांपुढे हिशेब मांडला. नळाने पाणी सत्तावीस तारखेला. नदी ओलांडायचं ठरलंय वीसला. म्हणजे फरक फक्त सात दिवसांचा, आणि एकही माणूस गमवायचा नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पंपघर त्यांच्याकडे राहिलं, तर उद्या ते धरणाकडे सरकतील. तुमचा विचार वाईट नाही. पण मी वीस तारीख वर कळवून बसलोय."

तारीख कळवून बसलोय! आधी तारीख, मग बेत, मग प्रश्न. उलट्या क्रमाने वाचली तर आमची सगळी फाइल बरोबर आहे.

गुरुवार, ५

नदी ओलांडायचीच असेल, तर निदान कशाच्या भरवशावर ओलांडतोय ते तरी लिहून काढू, म्हणून आज कार्डं केली.

ही कार्डांची पद्धत माझी. योजनेतली जी गोष्ट आपण नुसती धरून चाललोय, ती पिवळ्या कार्डावर. जिची खात्री झालीय, ती पांढऱ्यावर. प्रत्येक कार्डावर खाली ती कुणी लिहिली आणि कशाच्या आधारावर, ते टाकायचं. पिवळं कार्ड बैठकीत वाचून दाखवायचं. तीन बैठकांत कुणीच हरकत घेतली नाही, तर कारकूनकाका त्याच्यामागे पांढरं कार्ड चिकटवतात आणि उलटं करून लावतात. पूर्वी एकेका कार्डावर बैठका दिवसभर चालायच्या. चार वर्षांपूर्वी मी हा नियम केल्यापासून दीड तासात आटपतात. माझ्या सबंध नोकरीत वरच्यांनी माझी एवढी एकच गोष्ट मुकाट मान्य केली.

एकतीस कार्डं झाली. लगेच पहिली बैठक घेऊन बुलडोझरच्या माणसांना एकेका कार्डावर पिळून काढलं. 'त्या वेळी नदीला पाणी छातीइतकंच असेल.' कशावरून? 'पलीकडे दोनशेच माणसं आहेत.' मोजली कुणी? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, हे माझं वाक्य आता सगळ्या ऑफिसला पाठ झालंय. एका कॅप्टनला तर घाम फुटला. फुटू दे. इथे फुटलेला बरा.

त्यातल्या त्यात सोपं कार्ड सतरा नंबरचं. ते मीच लिहिलं, अर्ध्या मिनिटात: 'पलीकडचा काठ टणक, गोट्यांचा. चाळीस टनी गाड्या चढू शकतात.' खाली लिहिलं, 'स्वतः पाहिलं आहे.' चौदा वर्षांपूर्वी सरावात त्याच जागी मी स्वतः जड गाडी वर चढवली होती, चाकाखाली गोटे फुटल्याचा आवाज अजून कानात आहे. एकतीसपैकी एका कार्डाला तरी बाप आहे.

संध्याकाळी पूल टाकणाऱ्या कंपनीकडून एक बंद पाकीट आलं. वर सही ठकीची. ठकी म्हणजे माझी लेक. त्या कंपनीची प्रमुख. वीस तारखेला तराफ्यांचा पूल टाकायला सगळ्यांत पुढे तीच असणार आहे. पाकीट मी उघडलं नाही. तिचं एक म्हणणं मी मान्य केलं असतं, तरी उद्या बुलडोझर चारचौघांत म्हणाला असता की शंकासुर लेकीला पुढे जायचं नाही म्हणून खोटी खोट काढतोय. 'ऑपरेशन्स विभागाने पाहावे' असा शेरा मारून पाठवून दिलं. लोकांना कसं वागायचं ते आपल्याकडून दिसलं पाहिजे.

रविवार, ८

ठकी जेवायला आली. उन्हाने नाक सोललंय. हिने तिच्या आवडीचा रस्सा केला होता.

पहिला घास खाऊन होतोय तोच ठकी म्हणाली, "बाबा, माझा कागद मिळाला का? मी सलग तीन दिवस सकाळी दुर्बीण लावून बसले होते. पलीकडची गुरं पाण्यावर यायची जागा..."

"ठके," मी म्हटलं, "घरात कामाचं नको."

हा नियम जुना आहे. ती शाळेत असल्यापासूनचा. या नियमामुळेच आमच्या घरात जेवणं शांततेत होतात.

"दोन मिनिटं, बाबा."

"कागद योग्य त्या टेबलावर गेलाय. तिथून उत्तर येईल."

तिने रस्सा वाढून घेतला. मग आईला तिच्या कंपनीतल्या पाणकावळ्याची गोष्ट सांगत बसली. पाणकावळा हा त्यांचा पट्टीचा पोहणारा. इतका वेळ पाण्याखाली राहतो की पहिल्या दिवशी ठकीने घाबरून माणसं उतरवली होती, आणि हा पठ्ठ्या मागून येऊन तिला विचारतो, "काय हरवलं, बाई?" ही पोट धरून हसली. मीही हसलो.

ठकी गेल्यावर ही भांडी आदळत म्हणाली, "बाहेर जगाला प्रश्न विचारत फिरता. घरात कुणी विचारलेला चालत नाही."

मी म्हटलं, "तुला आमच्या कामातलं काय कळतं?"

"काही नाही. तिला कळतं ना?"

मी पेपर वाचायला घेतला. बायकांना पद्धत नावाची गोष्ट समजत नाही.

सोमवार, ९

ठकीचं पाकीट परत! न उघडता! बुलडोझरच्या विभागाचा शेरा: 'पिवळ्या कार्डांची जबाबदारी विचार कक्षाची.' म्हणजे हे बाण काढणार आणि निस्तरायचं आम्ही. मी खाली लिहिलं: 'कंपनीच्या हालचालींची जबाबदारी ऑपरेशन्सची,' आणि धाडून दिलं. या ऑफिसात एक कागद वाचून घ्यायलाही लढाई करावी लागते.

दुसरी बैठक झाली. नदीची खोली, माणसांची संख्या, दोन्ही कार्डांवर मी टेबल डोक्यावर घेतलं. सतरा नंबर वाचून दाखवलं, कुणी बोललं नाही. पुढे.

बुधवार, ११

बातमी आली की पलीकडच्यांनी आजपासून काठावर पहारा बसवलाय, आपण उतरणार त्या जागेच्या बरोबर वरच्या अंगाला. कालपर्यंत तिथे कुत्रंही नव्हतं. आमच्या गाड्यांची वर्दळ त्यांना दिसत असणार. मी आठवडाभर ओरडतोय की एवढी धूळ उडवू नका. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार, १३

आज तिसरी बैठक, आणि माझा आवडता खेळ. मी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, "समजा आज पंचवीस तारीख आहे. आपण सपशेल हरलोय. का हरलो, ते एका ओळीत लिहा." लढाईच्या आधीच पंचनामा. 'काही चुकेल का' असं विचारलं तर प्रत्येक जण छाती पुढे काढतो. 'चुकलंच आहे, कारण सांगा' म्हटलं की माणूस विचार करायला लागतो.

म्हणजे, लागावा. बुलडोझरने लिहिलं: 'हरलो, कारण विचार कक्षाने वेळ खाल्ला.' पुन्हा हशा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "कर्नल, काठावर पोरं मरतील तेव्हा ही चिठ्ठी त्यांच्या आयांना वाचून दाखवा." हशा थांबला. थोरल्या साहेबांनी मला बाहेर जाऊन पाणी पिऊन यायला सांगितलं. शाळेतल्या पोराला सांगावं तसं.

चिठ्ठ्या मोजल्या तर एक जास्त निघाली. कारकूनकाकांनीही लिहिली होती! 'हरलो, कारण पांढरी कार्डं कुणी वाचत नाही.' मी त्यांना खोलीत आल्यावर सांगितलं, "काका, पांढरी कार्डं वाचायची नसतातच. म्हणून तर ती पांढरी."

"बरं, साहेब," काका म्हणाले आणि डिंकाची बाटली घेऊन कामाला लागले. आज बारा कार्डं पांढरी झाली, सतरा नंबरसकट. उरलेल्या एकोणिसांवर मी मरेपर्यंत लढणार आहे.

रविवार, १५

ठकी आली नाही. निरोप पाठवला, काम आहे. काम तर गेल्या रविवारीही होतं.

हिने तिच्यासाठी ताट घेतलं होतं, ते उचलून ठेवलं. जेवताना एकच वाक्य बोलली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." कुणाला उद्देशून ते विचारलं नाही. घरात निष्कारण वाद कशाला.

मंगळवार, १७

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी कारकूनकाका पाकीट घेऊन समोर उभे राहिले. पाठीमागे शेऱ्यांची रांग लागली होती. माझा, त्यांचा, माझा, त्यांचा. काका म्हणाले, "साहेब, हे चौथ्यांदा आलंय. आता एक तर फाडून टाका, नाही तर वाचा. मला सहा महिन्यांनी घरी जायचंय, हे पाकीट माझ्याबरोबर नको."

मी फाडलं. दीड पान होतं, ठकीचं ते उभट अक्षर. तिने लिहिलं होतं की आपण जिथे उतरणार, तिथे पूर्वी गुरं पाण्यावर यायची. पायवाटांच्या खुणा अजून दिसतात. आता ती येत नाहीत, दोन फर्लांग वरच्या अंगाला जातात. चार तारखेला एक वासरू चुकून तिकडे आलं आणि पोटापर्यंत रुतलं. दोन माणसांनी दोर लावून अर्ध्या तासाने काढलं. दोन वर्षांपूर्वीच्या पुराने गोट्यांवर गाळ भरला असावा. वरून वाळून कडक दिसतो, आत लोण्यासारखा. गाड्या चढणार नाहीत, आणि पुलावर मागे रांग अडकली की सगळे उघड्यावर सापडतील. शेवटी लिहिलं होतं: 'सध्या त्या काठावर पहारा नाही. परवानगी मिळाल्यास सळई घालून लगेच तपासता येईल.'

सध्या पहारा नाही. तारीख पाच.

मी फळ्यापाशी गेलो. 'काठ टणक' हे कुणी लिहिलंय, कुठल्या गाढवाने, त्याला आज सोडणार नाही, असं खरंच मनात म्हणत गेलो! सतरा नंबर काढून उलटं केलं. माझं अक्षर. 'स्वतः पाहिलं आहे.' खाली तीन बैठकांच्या तीन बरोबरच्या खुणा, काकांनी पट्टी लावल्यासारख्या सरळ मारलेल्या. ज्या बैठकांत मी टेबल डोक्यावर घेत होतो, त्याच बैठकांत ते कार्ड मीच वाचून दाखवलं होतं. हरकत घेणार कोण? हरकती घेणारा माणूस मीच होतो.

थोरल्या साहेबांच्या खोलीत बुलडोझरही होता. मी कार्ड आणि कागद टेबलावर ठेवले. म्हटलं, "साहेब, कार्ड माझं आहे. चौदा वर्षांपूर्वी पाहिलेलं मी आज पाहिल्यासारखं लिहिलं. कागद पाच तारखेला आला. मी वाचला नाही."

वाटलं, आता बुलडोझर हसेल. तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "मीही तीनदा परत पाठवला, साहेब. न उघडता."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग मला म्हणाले, "एका वासराच्या जोरावर मी वरून आलेली मोहीम मोडू? तुमचंच म्हणणं असतं ना, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर? उद्या पहाटे कुणीतरी जाऊन सळई घालून यावं लागेल."

"पूल टाकणाऱ्या कंपनीचं काम आहे ते," बुलडोझर हळूच म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं काही म्हणणं?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

घरी हिला काही सांगितलं नाही. घरात कामाचं नको.

बुधवार, १८

पहाटे पाचला काठावर होतो. मला तिथे काही काम नव्हतं, कुणी हाकललंही नाही. धुकं होतं. ठकी, पाणकावळा आणि आणखी दोघं, अंगाला काळं ग्रीस फासलेलं, हातात सहा फुटी सळई. ठकीने मला पाहून सलाम ठोकला. "सर," म्हणाली. मीही सलाम केला. तिला काहीतरी सांगायचं म्हणून आलो होतो, पण सगळ्यांसमोर काय ते सुचेना.

वीस मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग पलीकडून दोन गोळ्या, मग खूप.

सव्वासहाला तिघं परत आली. पाणकावळा नव्हता. सळई रोवायला तोच पुढे गेला होता. सळई सबंध आत गेली, आणि तिच्यामागे तोही मांडीपर्यंत. तो गाळातून सुटला असता, तर पाण्यात त्याला कुणी धरू शकलं नसतं. दोघांनी त्याला ओढायचा प्रयत्न केला. त्याने म्हणे हात झटकून त्यांना जायला सांगितलं.

ठकी थोरल्या साहेबांसमोर ताठ उभी राहिली. केसांतून गाळ ओघळत होता. "सर, सळई पूर्ण गेली. काठ गाड्यांच्या कामाचा नाही. एक माणूस कमी." माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मोहीम रद्द. सहा फूट लोखंड चिखलात गेलं तेव्हा त्यांना पटलं.

गुरुवार, १९

हिला कळलं. कुठून ते माहीत नाही; अशा गोष्टी बायकांना भिंती सांगतात. मी सकाळी दाढी करत होतो, ही दारात येऊन उभी राहिली.

"तिने लिहून दिलं होतं ना सगळं?"

"हो."

"तिचं म्हणणं खरं धरलं असतं, तर परवाच मोहीम थांबली असती. मग कुणी कशाला जायला हवं होतं?"

मी वस्तरा धरून उभा राहिलो. इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारायचा पगार घेतोय. साहेबांच्या खोलीत हा प्रश्न मला सुचला नव्हता. तीन दिवस दुर्बीण लावून बसलेल्या कंपनीप्रमुखाने पाहिलेलं पाहिलेलं नाही, आणि मी चौदा वर्षांपूर्वी पाहिलेलं मात्र पांढरं कार्ड. 'तुमचं काही म्हणणं?' असं साहेबांनी तोंडाने विचारलं होतं. आणि मी? नाही, साहेब.

"बोला ना," ही म्हणाली. "बाहेर तर फार बोलता."

पुढचा महिना. रविवार, १३

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

मोहीम रद्द झाली त्याच दिवशी बाईंना माणसं मिळाली, आणि काल नळ सुरू झाला. चोवीस दिवस, बाईंनी सांगितले होते तेवढेच. सगळ्या गल्ल्यांत माणसं नळाखाली हात धरून उभी होती. इंजिनिअरबाई मला म्हणाल्या, "तीन तारखेलाच माणसं दिली असतीत, तर गेल्या महिन्यातच पाणी आलं असतं." मी मान हलवली. मला आता लोकांवर चिडता येत नाही असं नाही, चिडतो. पण मधेच अडखळतो.

मोहिमेचा अहवाल आला होता सहीला. सातव्या पानावर लिहिलंय: 'विचार कक्षाच्या दक्षतेमुळे काठाची खरी स्थिती वेळीच लक्षात येऊन मोठी हानी टळली.' सोबत माझ्यासाठी शिफारसपत्र. वीस वर्षं यादीत नाव नाही, आणि आता. मी इतका ओरडलो की काकांनी दार लावून घेतलं. 'दक्षता' खोडून समासात लिहिलं: 'खोटं. माहिती पाच तारखेला लेखी आली होती, मी वाचली नाही. नंतर एक माणूस गमावून तीच माहिती पुन्हा आणली.' खाली सही केली. थोरले साहेब म्हणाले, "याने तुमचंच नुकसान." म्हटलं, "राहू दे." ते पान बदलून पुढे पाठवतील हे मला ठाऊक आहे. म्हणून इथेही लिहून ठेवतो.

तीन बैठकांचा नियम मोडला. फळ्यावर आता एकही पांढरं कार्ड नाही. बैठका पुन्हा दिवसभर चालतात आणि बुलडोझर तक्रार करत नाही.

आज ठकी जेवायला आली. महिन्याने. हिने रस्सा केला होता. मी सकाळपासून मनाशी घोकून ठेवलं होतं, तरी तोंड उघडायला दुसरा भात यावा लागला. म्हटलं, "ठके, त्या पहाटेचं सांग मला. पाणकावळ्याचं. सगळं सांग. मी ऐकतो."

ठकीने पाण्याचा पेला घेतला, भरलेला होता तो सबंध प्यायली आणि खाली ठेवला.

"घरात कामाचं नको, बाबा," ती म्हणाली.

रागाने नाही. मी म्हणायचो तशीच, साधी. मग तिने आईकडे मीठ मागितलं.